रसायनशास्त्र विभागाची जुनी इमारत : पाडकामाच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली, आजपासून कामाला हात घातला. पत्र्याचं कुंपण उभं राहतंय. इमारत तळमजला अधिक दोन, साधारण ६० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, कोनशिलेवर साल १९६३. पूर्वेला ग्रंथालय जेमतेम चार मीटरवर. दक्षिणेला परीक्षा विभाग. दारासमोर बुचाचं झाड, सध्या फुलावर आहे. ते राखायचं हे नकाशातच लिहून घेतलंय, आणि त्याच्या घेराबाहेर वेगळं कुंपण घालून मगच मशिनचा रस्ता आखायचा.

ठेकेदाराची रोजची नोंदवही वेगळी असते. ही वही विद्यापीठाच्या स्थापत्य विभागातर्फे मी लिहितेय. नव्या इमारतीवर जो अभियंता येईल त्याच्या हाती ती द्यायची आहे. जमिनीखाली काय आहे, काय काढलं, काय राहिलं, हे त्याला कोणाला विचारत बसावं लागू नये.

पाडायची गरज होती का, असं विभागातले जुने प्राध्यापक अजून विचारतात. म्हणून तपासणीचं थोडक्यात इथे. स्लॅबमधून कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, काढले आणि त्यांवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. धड काँक्रीट गुलाबी होतं, कारण त्यातली अल्कली शाबूत असते आणि तिच्यामुळेच आतली सळई गंजत नाही. इथे वरचा तीस-पस्तीस मिलिमीटरचा थर रंगलाच नाही. सळईवरचं काँक्रीटचं कव्हर पंधरा मिलिमीटर. म्हणजे सळईचं संरक्षण केव्हाच संपलं होतं. अल्ट्रासॉनिक चाचणीत बहुतेक ठिकाणी काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली आला, आणि आयएस १३३११ या जुन्या भारतीय मानकानुसार ते काँक्रीट संशयास्पद ठरतं. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्याही पलीकडचे आकडे आले, म्हणजे गंज चालू असण्याची दाट शक्यता. आम्लाच्या वाफा साठ वर्षं खाल्लेली इमारत आहे ही. फवारायची बाटली याच विभागाच्या भांडारातून आणली होती. त्याच द्रावणावर इथे मुलांच्या किती पिढ्यांनी टायट्रेशन केलं असेल.

पाडायचा निर्णय मला पटलेला आहे. कसं पाडायचं यावर मात्र मी शेवटपर्यंत अडून राहिले. एरवी निविदेत मोडीचं सगळं साहित्य ठेकेदाराचं धरतात. मग सळई लवकर हाती यावी म्हणून घाई होते, सागवानी चौकटीवरही घण पडतो आणि सगळं एकाच ढिगात जातं. इथे सागवान, प्रयोगशाळेची टेबलं आणि काँक्रीटचा राडारोडा विद्यापीठाकडे राहील अशी अट घालून घेतली. सळई ठेकेदाराची. तेवढ्यासाठी लेखा विभागाशी बरीच पत्रापत्री झाली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

वीज, पाणी, गॅस तोडले. वीज तोडल्याचं पत्र हातात असलं तरी प्रत्येक मजल्यावर टेस्टर लावून बघितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत शेजारच्या इमारतीतून ओढलेली वायर जिवंत सापडली. नकाशात ती असणं शक्यच नव्हतं.

ड्रेनेजचे मूळ नकाशे नाहीत. मग निवृत्त झालेल्या परिचर मामांना घरून बोलावून घेतलं. त्यांची उभी नोकरी याच इमारतीत गेली. तळमजल्यावर भिंतीला हात लावत चालत गेले आणि सांगत गेले, "मॅडम, इथून चिनी मातीचा पाइप जातो. इथे खाली चेंबर आहे, वरून फरशी घातलीय. आणि त्या कोपऱ्यातला खड्डा आम्लाचा, त्यात चुनखडी टाकायचो." आम्लाचं सांडपाणी गटारात सोडण्याआधी चुनखडीवरून न्यायची ही जुनी रीत. मामांनी दाखवलं तिथे फरशी उचलली, तर खड्डा आहे तसाच. त्यांच्या बोलण्यावरून रेषा आखून घेतल्या. या वहीसोबत जोडलेल्या नकाशातल्या तांबड्या रेषा त्यांच्याच.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज कामापेक्षा थांबणंच जास्त झालं, आणि थांबलो ते बरं झालं.

भांडार रिकामं करताना मागच्या फळीवर एक काचेची बाटली निघाली. झाकण धातूचं, गळ्याशी पिवळी खपली. लेबल अर्धं उडालेलं, पण भांडार सांभाळणाऱ्या प्राध्यापकांनी दारातूनच ओळखलं : पिक्रिक आम्ल. ते पाण्यात ओलं ठेवलं तर निमूट असतं, सुकलं की स्फोटक. धातूशी लागून त्याचे जे क्षार तयार होतात ते त्याहूनही नाजूक, झाकण फिरवताना होणारं घर्षणसुद्धा पुरतं. कोणीही हात लावला नाही. मजला रिकामा केला, ग्रंथालयाची ती बाजू बंद ठेवायला सांगितली आणि पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला कळवलं. पथकाने बाटली सांभाळून नेली.

त्याच फळीवर इथरचे जुने डबे होते. इथर हवेशी राहिलं की त्यात पेरॉक्साइड साठतं आणि तेही स्फोटक. तेही पथकाने पाहून वेगळे काढले.

ज्यांना हे काम करायचंय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे : प्रयोगशाळेची इमारत ठेकेदाराच्या ताब्यात देण्याआधी विभागाने ती रसायनमुक्त केल्याचं पत्र द्यावं, आणि त्या पत्रावर प्रत्येक कपाट उघडून बघणाऱ्या माणसाची सही असावी. बिगाऱ्याच्या हाती ती बाटली आली असती तर त्याने ती घमेल्यात टाकली असती. त्याला कोण काय शिकवणार होतं?

उद्या विधानसभेचं मतदान, काम बंद.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पारा सापडेल असं वाटलंच होतं. भौतिक रसायनाच्या प्रयोगशाळेत भिंतीकडेची टेबलं हलवली आणि मोझॅकच्या फटीत चंदेरी मणी चमकले. फुटलेले थर्मामीटर, सांडलेले मॅनोमीटर, वर्षानुवर्षांचं साचलेलं. सिंकखालच्या ट्रॅपमध्येही होता. एक पोरगा बोटाने मणी पुढे ढकलत खेळायला लागला. त्याला बाहेर काढलं, हात धुऊन घेतले आणि सगळ्यांना तिथेच बसवून समजावलं. पारा साध्या तापमानालाही उडतो. वाफेला वास नाही, रंग नाही, आणि ती श्वासावाटे थेट आत जाते.

झाडू बंद, व्हॅक्युम क्लीनर बंद. झाडूने मणी आणखी बारीक होऊन पसरतात, व्हॅक्युमने वाफ खोलीभर होते. खिडक्या सताड उघडल्या. कडक पुठ्ठ्याने मणी एकत्र लोटायचे, ड्रॉपरने उचलायचे, जाड बाटलीत पाण्याखाली ठेवायचे. फटीत गंधकाची पूड. विभागाच्या दोन संशोधक विद्यार्थिनींनी हे काम हातमोजे आणि पाऱ्याच्या वाफेचा मास्क लावून इतकं नेटकं केलं की मी बघतच राहिले. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड. पाव लिटरची बाटली भरली तर जवळपास साडेतीन किलो होते, त्यामुळे बाटल्या लहानच घेतल्या.

त्या पट्ट्यातल्या मोझॅक टाइल आणि खालचा कोबा कापून पिंपात भरला. हे सगळं रांजणगावच्या घातक कचरा केंद्राकडे जाईल. साध्या राडारोड्यात त्यातलं घमेलंभरसुद्धा जाता कामा नये. पुढे हेच काँक्रीट भरडून मुलांच्या पायाखालच्या रस्त्यात घालायचंय.

४ डिसेंबर, बुधवार

धुराड्यांचे पाइप उतरवले. फ्यूम कपबोर्डमधून, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातून, गच्चीपर्यंत गेलेले, सिमेंट-अॅस्बेस्टॉसचे. गच्चीवरच्या शेडचे पत्रेही तेच. लोक याला नुसतं सिमेंटचा पत्रा म्हणतात आणि हातोड्याने फोडतात, तंतू त्यातूनच उडतात. पाण्याने भिजवून, बोल्ट कापून, अख्खेच खाली घेतले. जाड प्लॅस्टिकची दुहेरी गुंडाळी, वर चिठ्ठी. वेळ दुप्पट लागला, मुकादम कुरकुरला, पण पत्रा एकही फुटला नाही.

दुपारपासून सागवान. गॅलरीच्या व्याख्यानगृहातली बाकं म्हणजे या इमारतीतलं सगळ्यात मोलाचं साहित्य. अखंड फळ्या, वरून काळ्या पडलेल्या, पण रंध्याचा एक हात मारला की आतून मधाचा रंग. प्रयोगशाळेच्या टेबलांचे माथे अॅनिलिन ब्लॅकने काळे केलेले, आम्लाला टिकावेत म्हणून. ते रंधायचे नाहीत, त्या थरात काय काय मुरलंय सांगता येत नाही. मधलं शुद्ध लाकूड तेवढं कापून घेणार. बाकांच्या फळ्यांवर नंबर टाकून, खिळे काढून, कार्यशाळेच्या शेडमध्ये रचल्या. नव्या इमारतीच्या सेमिनार हॉलला याच लागतील, तसं वास्तुविशारदाकडून लेखी घेतलंय.

११ डिसेंबर, बुधवार

गच्चीवरून पाडकाम सुरू. क्रम बांधकामाच्या उलटा : आधी कठडे, टाकी, जिन्यावरची खोली, मग स्लॅब, दुय्यम बीम, मुख्य बीम, कॉलम, मग खालचा मजला. पाडकामाच्या सुरक्षेचं मानक, आयएस ४१३०, हेच सांगतं, आणि ते न पाळता मधूनच तोडलं की काय होतं याच्या बातम्या आपण वाचतोच.

जिन्यावरच्या खोलीचा पहिला कॉलम सोलला. सळई गुळगुळीत, सहा सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), टोकाला इंग्रजी यू सारखा आकडा. पीळ दिलेली किंवा कंगोऱ्यांची सळई तेव्हा सर्रास मिळत नव्हती, काँक्रीटमधली पकड या आकड्यांवरच. उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा दोन सुती, आणि एकीपासून दुसरी नऊ इंचांवर. टोकं नुसती काटकोनात दुमडलेली. मी टेप लावून फोटो घेतले. भूकंपरोधक बांधकामाच्या आजच्या आयएस १३९२० प्रमाणे सांध्याजवळ रिंग १०० मिलिमीटरच्या आत लागते आणि तिचं टोक १३५ अंशांत आत वळवावं लागतं, म्हणजे धक्क्याने कव्हर उडालं तरी रिंग उघडत नाही.

आज तारीखही ११ डिसेंबर. १९६७ साली याच दिवशी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. ही इमारत त्याआधीची. आराखडा करणाऱ्याने तेव्हाच्या माहितीप्रमाणे चुकीचं काहीच केलं नव्हतं. दुरुस्तीचा पर्याय आम्ही सोडला त्यामागे गंजाइतकंच या रिंगांचं कारण आहे. बाहेरून नव्या काँक्रीटचं जॅकेट घालून एकेक कॉलम बळकट करता येतो, पण इथे सांधे उघडे पाडून प्रत्येक कॉलमला ते करावं लागलं असतं, तेही गंजलेल्या स्लॅबला टेकू देऊन.

२० डिसेंबर, शुक्रवार

परीक्षा चालू. पेपरच्या वेळात हातोडासुद्धा नाही, फक्त राडारोडा निवडणं आणि सळया सरळ करणं. ठेकेदार नाराज. मुलांची परीक्षा वर्षाचा हिशेब असतो, आमचे दोन आठवडे मागे गेले तर जाऊ देत.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

आज मुकादमाशी वाद झाला. तो लिहून ठेवते, कारण पाडकामातले अपघात बहुतेक इथेच होतात.

दुसऱ्या मजल्याच्या विटांच्या भिंती उतरवल्या आणि सगळा माल पहिल्या मजल्याच्या छतावर साठला. मुकादमाचं म्हणणं, "मॅडम, संध्याकाळी एकदाच ट्रक भरू. साठ वर्षं उभी आहे बिल्डिंग, एका ढिगाने काय होतंय?" त्याला कागदावर मांडून दाखवलं. प्रयोगशाळेच्या स्लॅबवर चौरस मीटरला ३०० किलो भार धरतात. विटा-मालाचा राडारोडा घनमीटरला दीड टनाच्या आसपास. वीस सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण वीतभर, थर झाला की ते ३०० किलो भरले. गुडघ्याएवढा ढीग म्हणजे पाऊण टन. हे धडधाकट स्लॅबचं. आपला स्लॅब खालून सळया उघड्या पडलेला. शिवाय नऊ इंची भिंत मजल्याच्या उंचीची धरली तर एका मीटरला दीड टनाच्या जवळ जाते. ती आडवी पाडली तर नुसता भारच नाही, धक्काही बसतो, आणि वरचा स्लॅब खाली आला की त्याच्या भाराने खालचा, मग त्याखालचा.

वितीचं माप त्याला लगेच पटलं. वीत म्हणजे मर्यादा, आपण अर्ध्या वितीवर थांबायचं. प्रत्येक कॉलमवर अर्ध्या वितीला तांबडा पट्टा ओढला. भिंती वरून तीन-तीन थर काढत उतरवायच्या, ढकलून पाडायच्या नाहीत. स्लॅबला दोन ठिकाणी खिडक्या पाडून ताडपत्रीच्या नळीतून माल सरळ तळाला सोडायचा, आणि त्या खिडक्यांभोवती कठडा. खालच्या दोन्ही मजल्यांना लोखंडी टेकू, एकाखाली एक, रेषेत.

संध्याकाळी तोच मुकादम पट्ट्यापाशी उभा राहून पोरांना ओरडत होता. तो यादगीरकडचा, बोलणं मराठी-कानडी मिसळून, पण मापाचा पक्का. त्याने एकदा मनावर घेतलं की माझ्या दहा फेऱ्यांचं काम होतं.

एक चांगली गोष्ट : आतल्या आडभिंती चुन्यात बांधलेल्या निघाल्या. सिमेंट तेव्हा कोट्यावर मिळायचं, त्यामुळे जिथे भार नाही तिथे चुना. चुन्यातली वीट करणीच्या दोन ठोक्यांत सुटते आणि स्वच्छ निघते. सिमेंटमधली वीट सुटताना फुटते. निवडलेल्या विटा वेगळ्या रचल्या, कुंपणभिंतीला जातील.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. बरेच जण गावी. साइटवर थांबलेल्यांना विभागातल्या बाईंनी तिळगूळ आणला. काम नाही. पाण्याचे फवारे दुरुस्त करून घेतले.

२२ जानेवारी, बुधवार

पोर्च उतरवला. अडीच मीटर पुढे आलेला, खाली खांब नाही. असल्या लोंबत्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या अंगाला असते आणि ती मागच्या बीममध्ये, त्याच्यावरच्या भिंतीच्या दाबाखाली रुतलेली असते. आधी मागची भिंत काढली तर पोर्च मान टाकतो. म्हणून वरची भिंत तशीच ठेवून आधी पोर्चखाली टेकू दिले, मग बाहेरच्या टोकापासून फूट-फूट कापत आत आलो. सळई शेवटी. बुचाच्या फांद्यांना धक्का लागू नये म्हणून तुकडे दोरीने बांधून उतरवले. दिवसभर कुंपणाबाहेर मुलं उभी राहून बघत होती. स्थापत्यच्या शेवटच्या वर्षाची काही होती, त्यांना हेल्मेट देऊन आत घेतलं आणि सळई कुठे आहे ते दाखवलं. पुस्तकात बेंडिंग मोमेंटची आकृती काढणं वेगळं आणि तुटलेल्या तोंडात वरच्या कडेला सळयांची रांग बघणं वेगळं. एका मुलीने सांगितलं की आता ती विसरणार नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दोन मजले हाताने उतरले. उरलेल्या तळमजल्यावर आता पोकलेन, पुढे ब्रेकर. ग्रंथालयाच्या बाजूचे दोन गाळे मात्र मशिनला दिले नाहीत. तिथे आधी डायमंड सॉने स्लॅब आणि बीम आरपार कापून फट पाडली, म्हणजे ब्रेकरचा हादरा काँक्रीटमधून पलीकडे पोचत नाही. ग्रंथालयाच्या भिंतींवरच्या जुन्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारीख घातलीय. भेग हलली की काच तडकते. अजून एकही तडकलेली नाही.

धुळीसाठी तोडण्याच्या जागीच पाणी मारायचं. ग्रंथालयाच्या त्या बाजूच्या खिडक्या प्लॅस्टिकने बंद केल्या, दुर्मिळ पोथ्यांचं कपाट पलीकडच्या दालनात हलवलं.

राडारोडा जागेवरच वेगळा होतोय : काँक्रीट, वीट आणि माल, माती, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक. २०१६ च्या नियमांप्रमाणे दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांवर कचरा करणाऱ्याने या चार वाटण्या करून, आधी आराखडा मंजूर करून घ्यायचा होता. आम्ही तो घेतला होता. पण वाटण्या कागदावर सोप्या. जागेवर चार ढिगांना चार रस्ते लागतात आणि ट्रकवाल्याला रोज सांगावं लागतं.

५ मार्च, बुधवार

जमिनीच्या वर काही उरलं नाही. जोतं तेवढं आहे.

भरडयंत्र आणलं. काँक्रीट जबड्यातून जातं, चुंबकाच्या पट्ट्यावर उरलीसुरली सळई आणि तार ओढली जाते, चाळणीतून खडी वेगळी. प्रयोगशाळांच्या जमिनी आणि ड्रेनेजलगतचं काँक्रीट यात घातलेलं नाही. त्याचे नमुने तपासायला दिलेत. आम्लाचे क्लोराइड आणि सल्फेट त्यात मुरलेले असले तर नव्या सळईला तेच खातील.

या खडीचं काय करायचं यावर बैठक झाली. खडी-वाळूचं मानक आयएस ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत पुनर्वापराची काँक्रीट खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ प्रतीपर्यंतच्या आरसीसीमध्ये (सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये) २० टक्के आणि एम-१५ च्या खालच्या काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के चालते. सल्लागार "उगाच जोखीम नको" म्हणत होते. मी आरसीसीचा आग्रह धरला नाही, नव्या इमारतीची चौकट तशीही एम-३० ची आहे. पण पायाखालच्या पीसीसीत, म्हणजे सळईविना साध्या काँक्रीटच्या थरात, आणि आवारातल्या रस्त्यांच्या थरात ही खडी जायलाच हवी, हे मांडलं आणि मान्य करून घेतलं. जुन्या खडीला चिकटलेला माल पाणी जास्त पितो, म्हणून ती आदल्या दिवशी भिजवून ठेवायची. चाचणीचे क्यूब भरले, सात दिवसांचे निकाल ठीक आहेत.

यातली मूळ खडी इथल्याच काळ्या पाषाणाची. फोडलेल्या तोंडाशी बघितलं तर दगड आजही कोरा आहे. डोंगर फोडून पुन्हा तीच आणायची, आणि ही नाल्याकाठी टाकून द्यायची, हे मला कधीच समजलेलं नाही. शहराबाहेरच्या कोणत्याही रस्त्याने जा, कडेला कोणाच्या तरी घराचे ढिगारे दिसतात.

२८ मार्च, शुक्रवार

पाये काढले. सुटे फूटिंग, म्हणजे प्रत्येक कॉलमखाली वेगळा पाया, मुरुमाखाली कठीण खडकावर टेकलेले, दीड ते दोन मीटर खोल. पश्चिमेच्या टोकाला खडक एकदम खाली जातो आणि तिथे पायाही खोल गेलेला निघाला. नव्या बोअरमध्ये हा उतार नीट आलेला नव्हता. लेव्हल घेऊन संरचना अभियंत्याला पाठवल्या. त्या कोपऱ्यातले तीन फूटिंग त्याने बदलून दिले.

मामांच्या तांबड्या रेषांपैकी एक पाइप परीक्षा विभागाखालून जातो. तो काढता येत नाही, दोन्ही तोंडं काँक्रीटने बंद केली आणि नकाशात जागा लिहिली. आम्लाचा खड्डा उकरून त्याखालची माती खडकापर्यंत काढली. तिचा अहवाल अजून यायचाय, तोवर तिथे भराव नाही. क्लोराइडचे निकाल आले : तळमजल्याच्या जमिनीचं काँक्रीट वापरात घ्यायचं नाही, ते वेगळं पाठवायचं.

रविवारी पाडवा, भूमिपूजन त्याच दिवशी. नव्या ठेकेदाराचे लोक आज येऊन बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायची पक्की खूण, बघून गेले. त्यांना दिलेलं : ही वही, नकाशा, फूटिंगच्या लेव्हल, बाकांच्या फळ्यांची यादी आणि शेडची किल्ली, बुचाच्या मुळांचा आखलेला घेर. घेराच्या आत माल रचायचा नाही, मिक्सर धुवायचा नाही, हे करारात आहे. मंगळवारी सकाळी आठला लाइनआउट, म्हणजे नव्या इमारतीची जमिनीवर आखणी. पीसीसीसाठीची खडी सोमवारी संध्याकाळीच भिजवायला घालायची.